निवृत्त घोडा कोठे आहे, हे रसिकाला कळावे

प्रति,
माननीय संपादक,

स. न. वि. वि.

गेल्या पंधरवड्यात आपल्या वाचकांच्या पत्रव्यवहारात एका पत्रलेखकांनी पुण्याच्या रेसच्या हंगामाविषयी लिहिताना असे मत मांडले होते की, रेसला जाणाऱ्या माणसाचे घोड्यावर प्रेम नसतेच. त्याचे प्रेम हातातल्या तिकिटावर असते आणि घोडा हरू लागला की ते आटते. हे वाचून मला राग आला नाही, कारण त्यात निम्मे तथ्य आहे. टोटच्या, म्हणजे पैज लावण्याच्या खिडकीसमोर उभ्या असलेल्या गर्दीतील पुष्कळांना घोड्याचा क्रमांक ठाऊक असतो आणि नाव ठाऊक नसते, हे मी पन्नास वर्षे पाहत आलो आहे. पण उरलेल्या निम्म्यांविषयी कोणी लिहीत नाही. घोडा धावायचा थांबल्यावर वीस-वीस वर्षे त्याची आठवण काढणारी, त्याला गाजर खाऊ घालण्यासाठी शेकडो मैल प्रवास करणारी आणि त्याच्या म्हातारपणाच्या वैरणीसाठी पदरचे पैसे पाठवणारी माणसेही याच गर्दीतून निघालेली आहेत. त्यांच्या वतीने हे पत्र लिहीत आहे. ते लांबले आहे, त्याबद्दल क्षमा असावी.

माझे वडील एका सरकारी कचेरीत कारकून होते. पुण्यातील पावसाळी हंगाम सुरू झाला की ते मला पहाटे सायकलच्या दांडीवर बसवून एम्प्रेस गार्डनच्या बाजूला घेऊन जात. तेथे कुंपणापाशी उभे राहिले की घोड्यांचा सकाळचा सराव दिसे. अजून पुरते उजाडलेले नसे. आधी ओल्या जमिनीवर पडणाऱ्या टापांचा आवाज येई, मग नाकपुड्यांतून निघणारा फुरफुराट आणि सर्वांत शेवटी घोडा दिसे. पुढे शर्यतीआधी घोडे फिरवतात त्या पॅडॉकच्या कठड्यापाशी उभे राहून मी एका तांबूस घोड्यावर जीव जडवला. तो फार मोठा विजेता नव्हता, पण पावसाने जड झालेल्या ट्रॅकवर तो हार मानत नसे. त्याचा मोतद्दार त्याला खरारा करताना पुटपुटत असे आणि घोडा एक कान मागे वळवून ते ऐकत असे. एका हंगामात तो रेसबुकात, म्हणजे शर्यतींच्या छापील पुस्तिकेत, दिसला नाही. मी चौकशी केली. ‘गेला,’ एवढेच उत्तर मिळाले. विकला गेला, पैदाशीला गेला, लग्नाच्या वरातीला गेला की जगातून गेला, हे सांगणारा कोणी भेटला नाही. ज्यांना विचारले त्यांना दोष देण्यासाठी मी हे लिहीत नाही; असे काही विचारण्याची रीतच तेव्हा नव्हती. तो प्रश्न मात्र माझ्या मनातून आजवर गेलेला नाही.

ज्यांना रेसची माहिती नाही त्यांच्यासाठी एक साधा हिशेब मांडतो. रेसचा घोडा दोन वर्षांचा झाला की धावू लागतो. बहुतेकांची धाव पाच-सहा वर्षांच्या वयापर्यंत संपते. आठव्या-नवव्या वर्षी धावणारे थोडे. नीट निगा राखली तर हाच घोडा पंचवीस वर्षे सहज जगतो आणि काही तिशी ओलांडतात. म्हणजे ज्या काळासाठी आपण त्याला ओळखतो तो त्याच्या आयुष्याचा जेमतेम पाचवा हिस्सा. उत्तम धावलेल्या नराला आणि चांगल्या घराण्यातील घोडीला पैदाशीसाठी स्टड फार्मवर जागा मिळते. खच्ची केलेल्या घोड्याला ती वाटही नाही. आणि पैदाशीला गेलेल्या घोड्याची पिल्ले जर धावली नाहीत, तर त्याची फी उतरत जाते, फार्म बदलत जाते, कधी देशही बदलतो. गरज सरो, वैद्य मरो ही आपली म्हण या जनावराच्या बाबतीत शब्दशः खरी ठरू शकते.

तशी ती एका मोठ्या घोड्याच्या बाबतीत खरी ठरली. फर्डिनांड नावाच्या घोड्याने १९८६ साली अमेरिकेची केंटकी डर्बी ही मोठी शर्यत जिंकली. त्याच्या पाठीवर बिल शूमेकर हा ५४ वर्षांचा जॉकी होता आणि त्याचे प्रशिक्षक चार्ली व्हिटिंगहॅम ७३ वर्षांचे होते. एवढ्या वयाची ही जोडी जिंकली म्हणून साऱ्या देशाला आनंद झाला होता. पुढच्या वर्षी ब्रीडर्स कप क्लासिक या शर्यतीत त्याने अलिशेबा या घोड्याला अगदी नाकाच्या अंतराने हरवले आणि तो त्या वर्षीचा सर्वोत्तम घोडा ठरला. पैदाशीत त्याला यश आले नाही. १९९४ साली त्याला जपानला विकण्यात आले, तेथेही मागणी राहिली नाही आणि २००२ साली तो कत्तलखान्यात गेला. ही बातमी अमेरिकेत पोहोचली ती २००३ च्या उन्हाळ्यात. ज्या लोकांनी त्याच्यावर कधीकाळी पैसे लावले होते, ज्यांच्या घरात त्याचा फोटो होता, त्यांनी तोपर्यंत तो कोठेतरी कुरणात चरत असेल असे गृहीत धरलेले होते. या प्रकरणावरून जपानला बोल लावण्याची तेव्हा लाट आली, ती मला योग्य वाटत नाही. एक्सेलर हा ट्रिपल क्राउनच्या (केंटकी डर्बी, प्रीकनेस आणि बेलमाँट या तिन्ही शर्यती एकाच वर्षी जिंकण्याच्या मानाच्या) दोन विजेत्यांना हरवणारा घोडा १९९७ साली स्वीडनमध्ये अशाच रीतीने संपला होता आणि खुद्द अमेरिकेतले घोड्यांचे शेवटचे कत्तलखाने २००७ पर्यंत चालू होते. दोष कोणा एका देशाचा नव्हता. घोडा कोठे आहे हे विचारणारे कोणी उरले नव्हते, हे खरे कारण होते.

फर्डिनांडची बातमी आली त्याच वर्षी, म्हणजे २००३ साली, मायकेल ब्लोवेन यांनी केंटकी राज्यात ‘ओल्ड फ्रेंड्स’ नावाची संस्था उभी केली. ब्लोवेन हे मुळात बॉस्टनच्या एका मोठ्या वृत्तपत्राचे चित्रपट समीक्षक. आपल्याप्रमाणेच ते प्रेक्षक म्हणून रेसकडे वळले, हे मला महत्त्वाचे वाटते. पैदाशीतून निवृत्त झालेल्या नरांना कोणी सांभाळायला तयार नसते, कारण ते तापट असतात, त्यांना एकत्र सोडता येत नाही आणि प्रत्येकासाठी वेगळे कुंपण लागते. ब्लोवेन यांनी नेमके तेच घोडे घ्यायचे ठरवले. जॉर्जटाउन गावाजवळचे त्यांचे फार्म आता सुमारे २३६ एकरांचे आहे. तिकीट काढून लोक तेथे येतात आणि त्या पैशातून, तसेच लोकांच्या देणग्यांतून घोड्यांची वैरण होते.

माझी मुलगी ओहायो राज्यात सिनसिनाटी येथे असते. २०१९ च्या ऑक्टोबरात मी तिच्याकडे गेलो असताना तिने मला गाडीने तेथे नेले. दीड तासाचा रस्ता आहे. फार्मवर दहा-बारा माणसांचा गट करून एक स्वयंसेवक आपल्याला कुंपणाकुंपणाने फिरवतो आणि त्याच्या हातात गाजरांची बादली असते. आमच्या गटात एक वृद्ध जोडपे होते. घोडा विजयरेषा ओलांडत असतानाचा एक फोटो त्या बाईंनी पर्समध्ये जपून आणला होता. फोटोतला तो घोडा सिल्व्हर चार्म होता. त्याला पाहायला मीही आलो होतो.

सिल्व्हर चार्मची कथा थोडक्यात सांगतो. फ्लोरिडात १९९४ साली जन्मलेला हा करड्या रंगाचा घोडा ८५ हजार डॉलरला विकत घेतला गेला, म्हणजे त्या जगाच्या मानाने स्वस्तात. १९९७ साली त्याने केंटकी डर्बी मानेइतक्याही अंतराने नव्हे, केवळ डोक्याच्या अंतराने जिंकली. प्रीकनेसही तशीच डोक्याच्या अंतराने जिंकली. तिसरी बेलमाँट जिंकली असती तर तो ट्रिपल क्राउनचा मानकरी झाला असता. तेथे शेवटच्या टप्प्यात बाहेरच्या बाजूने टच गोल्ड हा घोडा आला आणि घोड्याच्या पाऊण लांबीने पुढे निघून गेला. बाजूला आलेल्या घोड्याला सिल्व्हर चार्म कधी पुढे जाऊ देत नसे, पण टच गोल्ड इतक्या लांबून आला की तो त्याला दिसलाच नाही, असे त्याचे चाहते आजही सांगतात. पुढच्या वर्षी दुबई वर्ल्ड कपमध्ये त्याने स्वेन या घोड्याला नाकाच्या अंतराने हरवले. २४ शर्यती, त्यांतल्या १२ जिंकलेल्या आणि जवळजवळ ६९ लाख ४४ हजार डॉलरची कमाई, असा त्याचा हिशेब आहे. पैदाशीसाठी तोही २००४ साली जपानला गेला होता, परंतु त्याची कथा फर्डिनांडसारखी संपली नाही. पैदाशीतून निवृत्त झाल्यावर त्याला मायदेशी परत पाठवण्यात आले आणि २०१४ च्या डिसेंबरात तो या फार्मवर दाखल झाला.

मी पाहिला तेव्हा तो पंचविशीत होता. करडा घोडा वयानुसार पांढरा होत जातो. तो पूर्ण पांढरा झाला होता, फक्त नाकपुड्यांभोवती आणि डोळ्यांभोवती काळसर कातडी दिसत होती. पाठ मध्यभागी झुकली होती. डोळ्यांच्या वर खोल खळगे पडले होते, जे म्हाताऱ्या घोड्याला पडतातच. खालचा ओठ थोडा लोंबत होता. स्वयंसेवकाने हाक मारल्यावर तो लगेच आला नाही. कुरणाच्या पलीकडच्या टोकाला उभा राहून त्याने आमच्याकडे पाहिले, दोन घास गवत आणखी खाल्ले आणि मग सावकाश, एकेक पाय मोजून टाकल्यासारखा चालत आला. मी तळहात सपाट धरून त्यावर गाजराचा तुकडा ठेवला. त्याच्या ओठावरचे राठ केस आधी तळहाताला लागले, मग उष्ण श्वास आणि मग तुकडा उचलला गेल्याचे कळलेसुद्धा नाही, इतका तो ओठ मऊ होता. चावताना जबड्याचा कुर्रकुर्र आवाज येत राहिला आणि तेवढा वेळ आमच्यापैकी कोणी बोलले नाही. त्या बाईंनी पर्समधला फोटो काढला, घोड्याकडे पाहिले, पुन्हा फोटोकडे पाहिले आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आले. ‘त्या दिवशी तुम्ही किती लावले होते?’ असे मी विचारले. त्यांनी सांगितले की त्यांनी काहीच लावले नव्हते. त्या वर्षी त्यांच्या पतीला रुग्णालयात ठेवले होते आणि खोलीतल्या टीव्हीवर दोघांनी मिळून ती शर्यत पाहिली होती.

महोदय, तिकिटावरच्या प्रेमात हे बसत नाही. आणि ज्या घोड्यांनी सिल्व्हर चार्मला हरवले किंवा जे त्याच्याकडून हरले, तेही म्हातारपणी याच फार्मवर आले. बेलमाँटचा मुकुट हिरावून नेणारा टच गोल्ड तेथे आला आणि दुबईत नाकाच्या अंतराने हरलेला स्वेनही. प्रत्येकाला स्वतःचे कुंपण, स्वतःची सावली आणि स्वतःच्या नावाची पाटी. कोणाची पाटी मोठी आणि कोणाची लहान, असे मला दिसले नाही. शर्यतीत एका नाकाने ठरलेला निकाल वीस वर्षांनी त्या गवतात काहीच अर्थ ठेवत नव्हता, आणि तरी येणारा प्रत्येक पाहुणा तो निकाल तोंडपाठ सांगत होता.

घोडा हरू लागला की प्रेम आटते, या विधानाला माझ्याकडे आणखी एक उत्तर आहे. झिपी चिपी नावाचा घोडा शंभर शर्यतींत धावला आणि शंभरही हरला. याच संस्थेच्या न्यूयॉर्क राज्यातील शाखेत तो म्हातारपणी राहत होता, लोक खास त्याला पाहायला जात आणि २०२२ साली ३१ व्या वर्षी तो गेला तेव्हा त्याच्या मृत्यूची बातमी मोठमोठ्या वृत्तपत्रांनी छापली.

म्हाताऱ्या घोड्याविषयी बोलताना जॉन हेन्रीला वगळता येणार नाही. अकराशे डॉलरला विकले गेलेले, गुडघ्याची ठेवण सदोष असलेले आणि घराणे सामान्य असलेले हे शिंगरू इतके रागीट होते की तबेल्यातल्या भिंतीवरची पाण्याची लोखंडी बादली उपटून काढून ते पायांखाली तुडवून चपटी करीत असे. लोखंडावर घण घालणाऱ्या एका लोककथेतल्या मजुराचे नाव त्याला त्यावरूनच मिळाले. शेवटी त्याला खच्ची केले. म्हणजे पैदाशीच्या दृष्टीने त्याची किंमत शून्य झाली. तो ८३ शर्यती धावला, ३९ जिंकला, १९८१ आणि १९८४ असा दोनदा वर्षातील सर्वोत्तम घोडा ठरला आणि दुसऱ्यांदा तो मान मिळाला तेव्हा त्याचे वय नऊ वर्षांचे होते. १९८५ साली तो लेक्सिंग्टनच्या केंटकी हॉर्स पार्कमध्ये राहायला आला आणि २००७ च्या ऑक्टोबरात वयाच्या ३२ व्या वर्षी मरेपर्यंत तेथेच राहिला. बावीस वर्षे लोक त्याच्या दारात येत राहिले. तो कोणाचे लाड करून घेत नसे. कान मागे पाडून दात दाखवण्याची त्याची खोड अखेरपर्यंत गेली नाही. तरी लोक येत. मी त्या पार्कात गेलो तेव्हा त्याला जाऊन बारा वर्षे झाली होती. त्याच्या समाधीवर कोणी तरी ताजी गाजरे ठेवली होती.

इंग्लंडमध्ये रेड रम या घोड्याने १९७३, १९७४ आणि १९७७ अशी तीन वेळा ग्रँड नॅशनल ही अडथळ्यांची अवघड शर्यत जिंकली आणि मधली दोन वर्षे तो दुसरा आला. १९९५ साली, तिसाव्या वर्षी तो वारला तेव्हा त्याला एन्ट्री येथील मैदानावर विजयरेषेच्या खांबापाशीच पुरले. ग्रँड नॅशनलच्या सुमारास तेथे आजही फुले वाहिली जातात.

या प्रेमाला दोषही आहेत आणि ते लपवून मी आपली बाजू भक्कम करू इच्छित नाही. केल्सो हा १९६० ते १९६४ अशी सलग पाच वर्षे अमेरिकेचा सर्वोत्तम ठरलेला घोडा. १९८३ च्या ऑक्टोबरात, तो २६ वर्षांचा असताना, निवृत्त घोड्यांच्या सांभाळासाठी निधी जमवायच्या एका कार्यक्रमात फोरगो आणि जॉन हेन्री या घोड्यांबरोबर त्याला बेलमाँटच्या ट्रॅकवर मिरवण्यात आले. लोकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. दुसऱ्या दिवशी पोटशूळ होऊन तो मेला. प्रवासामुळे आणि गर्दीमुळेच असे झाले, असे ठामपणे सांगता येणार नाही, परंतु इतक्या म्हाताऱ्या जनावराला लांबून वाहून आणायला नको होते, असे मला नेहमी वाटते. म्हाताऱ्याच्या घरी आपण जावे; त्याला सभामंडपात आणू नये. जपानमध्ये २०१९ साली याहून वाईट घडले. होक्काइडो बेटावरच्या फार्मांवर निवृत्त घोड्यांना पाहायला चाहत्यांना मोकळेपणाने जाऊ देत, आणि कोणी तरी टाइकी शटल या जुन्या विजेत्याची आयाळ कापून नेली. आणखी काही घोड्यांच्या बाबतीतही तसेच झाले. त्यामुळे तेथे चाहत्यांच्या भेटी बंद कराव्या लागल्या. एकाने केलेल्या हावरटपणाची शिक्षा शेकडो सज्जनांना झाली, आणि घोड्यांनाही झाली, कारण पाहुणे तुटले की देणग्याही तुटतात.

त्याच जपानमधले दुसरे उदाहरण मात्र मला फार आशादायक वाटते. नाइस नेचर हा १९८८ साली जन्मलेला घोडा. वर्षअखेरच्या आरिमा किनेन या मोठ्या शर्यतीत तो लागोपाठ तीन वर्षे तिसरा आला. त्यामुळे लोकांना तो घरच्या, कष्टाळू पण नशिबाने थोडक्यात हुकलेल्या मुलासारखा वाटत असे. म्हातारपणी त्याच्या वाढदिवसाला, म्हणजे १६ एप्रिलला, इतर निवृत्त घोड्यांच्या सांभाळासाठी देणग्या गोळा करण्याची प्रथा सुरू झाली. २०२३ साली त्याला ३५ वर्षे पूर्ण झाली तेव्हा ७ कोटी ४० लाख येनहून अधिक रक्कम जमली. त्यानंतर दीड महिन्यातच, ३० मे रोजी, तो गेला. बहुतेक देणाऱ्यांनी त्याला धावताना पाहिलेही नसावे, कारण तो धावायचा थांबल्यावर जन्मलेली तरुण मुले त्यांत मोठ्या संख्येने होती.

आता आपल्या पुण्याकडे येतो. आपल्याकडे निवृत्त घोड्यांचा विचारच झाला नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. पूनावाला कुटुंबाच्या १९४६ साली सुरू झालेल्या स्टड फार्मवरील निवृत्त घोडे मुंबईच्या हाफकिन संस्थेला दिले जात, आणि त्यातूनच पुढे १९६६ साली पुण्यात सीरम इन्स्टिट्यूट निघाली, ही गोष्ट अनेकांना ठाऊक आहे. घोड्याला थोड्या थोड्या मात्रेत विष टोचत गेले की त्याच्या रक्तात त्या विषाविरुद्ध प्रतिद्रव्ये तयार होतात. ते रक्त काढून त्याच्या द्रवापासून सर्पदंशावरचे औषध बनते. आपल्या खेड्यांत भातलावणीच्या दिवसांत फुरसे किंवा मण्यार चावून वाचलेला माणूस अशा घोड्यांचे देणे लागतो. हेही घोड्याचे म्हातारपणच आहे आणि त्याला पुरेसा मान मिळालेला नाही. परंतु सगळे घोडे तेथे जात नाहीत. काही रायडिंग क्लबांत जातात, काही वरातीला आणि काही डोंगरावरच्या थंड हवेच्या ठिकाणी पर्यटकांना फिरवायला जातात. माथेरानला एका घोडेवाल्याने मला त्याच्या घोड्याच्या मानेवर थाप मारून सांगितले होते, ‘साहेब, हा रेसचा आहे, अजून मागून दुसरा घोडा आला की कान टवकारतो.’ तो त्याची काळजी घेत होता, हे घोड्याच्या अंगावरूनच दिसत होते. त्या घोड्याचे मूळ नाव मात्र त्याला ठाऊक नव्हते.

नावाचा हा प्रश्न सुटण्यासारखा आहे. आपल्या देशात जन्मलेल्या प्रत्येक जातिवंत घोड्याची नोंद भारतीय स्टड बुकात होते आणि त्या नोंदींचे कार्यालय पुण्यातच आहे. आई कोण, बाप कोण, जन्मतारीख कोणती, कपाळावर टिकली आहे की पट्टा, कोणत्या पायाला पांढरा मोजा आहे, हे सारे लिहिलेले असते. पुढे तो धावू लागला की प्रत्येक शर्यत किती सेकंदांत झाली, किती वजन होते, किती लांबीने जिंकला, याची छापील नोंद रेसबुकात मिळते. इतक्या बारकाईने लिहिलेल्या चरित्राचे शेवटचे पान तेवढे माझ्यासारख्या सामान्य रसिकाला कोठे वाचायला मिळत नाही. आमच्या पिढीतल्या लोकांनी स्क्वॉन्डरर आणि इल्युसिव्ह पिम्पर्नेल या घोड्यांची नावे उच्चारली की आजही साठी-सत्तरी ओलांडलेली माणसे खुर्चीत सरसावून बसतात. पण आपल्या काळच्या शंभर घोड्यांपैकी किती जण म्हातारे होऊन मेले आणि कोठे मेले, असे विचारले तर आम्ही सगळेच गप्प होऊ.

म्हणून आपल्या दैनिकाद्वारे रेसच्या आयोजकांना, घोडेमालकांना आणि स्टड फार्मच्या चालकांना माझी नम्र विनंती अशी आहे की, निदान ज्या घोड्यांनी आपल्याकडच्या मोठ्या शर्यती जिंकल्या आहेत, त्यांचा निवृत्तीनंतरचा ठावठिकाणा रसिकांना कळेल अशी व्यवस्था करावी. घोडा एका हातातून दुसऱ्या हातात गेला तर तेही कळावे. जेथे शक्य असेल तेथे महिन्यातून एखाद्या सकाळी, मोजक्या लोकांना, राखणदार बरोबर असताना, घोड्याला पाहू द्यावे. जपानचा अनुभव लक्षात घेऊन नियम कडक ठेवले तरी आम्ही ते पाळू. त्या भेटीचे तिकीट ठेवावे आणि ते पैसे त्या घोड्यांच्या वैरणीलाच जावेत. म्हाताऱ्या घोड्याचे दात झिजतात, त्याला भुसा-हरभरा भिजवून द्यावा लागतो, दातांना वेळोवेळी कानस मारावी लागते, नालबंदाला बोलवावे लागते. हा खर्च थोडा नसतो आणि तो एकट्या मालकाने वर्षानुवर्षे सोसावा अशी अपेक्षा आम्ही करू नये. ज्याने आम्हाला आनंद दिला त्याच्या म्हातारपणाला आमचाही हातभार लागला पाहिजे.

आपल्याकडे पोळ्याला बैलाच्या अंगावर झूल घालतात, शिंगांना रंग देतात आणि जो बैल म्हातारा होऊन औताला जुंपण्याजोगा राहिलेला नाही त्यालाही पुरणपोळीचा घास भरवतात. माझ्या आजोळी असा एक बैल सहा वर्षे गोठ्यात बसून होता. आजोबांना कोणी त्याबद्दल टोकले की ते म्हणत, ‘त्याने पिकवलेलेच आपण खातोय.’ रेसच्या घोड्याला मात्र असा वर्षातला एकही दिवस मिळत नाही.

वडिलांची जुनी रेसबुके मी जपून ठेवलेली आहेत. त्यांच्या समासात वडिलांनी पेन्सिलीने घोड्यांविषयी बारीक अक्षरांत टिपणे लिहिली आहेत. त्या तांबूस घोड्याच्या नावापुढे ‘चिखलात चांगला’ असे लिहिलेले आहे. निवृत्त घोड्यांची अशी यादी करण्याचे काम कोणी हाती घेतले, तर ही सर्व पुस्तके मी त्यांच्या स्वाधीन करीन आणि पहिल्या वर्षाच्या वैरणीसाठी माझ्या निवृत्तिवेतनातून दरमहा काही रक्कम देईन. असेच देऊ इच्छिणारे मला माझ्या ओळखीतलेच सात-आठ जण ठाऊक आहेत.

आपला विश्वासू,
वानवडी येथील एक वाचक,
पुणे